विहिरीचा पिक्चर, जुना आणि नवा

इंटरवल झाल्यावर आदगोंडा मगदूम चुकीच्या दारानं परत आला आणि पिक्चरमध्ये जाऊन बसला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

तासगावच्या रंगप्रभा टॉकीजला पडद्याच्या दोन बाजूंना दोन दारं होती. एक मुतारीकडं जायचं, आणि दुसरं कुठं जातं हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. आदगोंडा बायकोला म्हणाला, "पाणी पिऊन आलोच," आपल्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली आणि गेला. दिवे मालवले, पिक्चर पुढं सुरू झाला आणि मालननं बघितलं तर नवरा पडद्यावर! दारूच्या गुत्त्यात, कोपऱ्यातल्या टेबलाशी, पांढरी टोपी मांडीवर घेऊन बसलेला, पाहुण्याच्या घरी बसावं तसा अवघडून. ज्या माणसानं जन्मात ताडीचा वास घेतला नाही तो गुत्त्यात! खरं सांगायचं तर मालनला आधी भीती वाटलीच नाही, लाज वाटली. तिनं पदर पुढं ओढला आणि ओळखीचं कोण बघतंय का ते पाहिलं.

सगळेच बघत होते. पण गाव कशालाही सरावतं. ती तक्रार द्यायला गेली तर हवालदार म्हणाला, "बाई, माणूस दर रविवारी दिसतोय न्हवं? मग हरवला कसा?" ती टॉकीजवर परत आली. तिनं ते दुसरं दार उघडून बघितलं. मागं विटांची भिंत होती आणि भिंतीला लागून घाणेरीची झुडपं. तिनं भिंतीवर थापा मारल्या, हाका मारल्या, रडली आणि घरी आली.

दर रविवारी दुपारी लागणारा तो पिक्चर इंग्रजी होता, काळापांढरा. नाव कुणाच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून सगळे त्याला विहिरीचा पिक्चर म्हणायचे. कुठल्याशा माळावरचं गाव, एकच रस्ता, एकच विहीर, आणि ती विहीर एका मिशीवाल्यानं दाबून ठेवलेली. लोकांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मग करड्या घोड्यावरून एक परका माणूस येतो. भर दुपारी दोघं रस्त्यात समोरासमोर उभे राहतात, गुत्त्यातली सगळी माणसं खिडकीशी धावतात, धाड्‌कन आवाज होतो. मिशीवाला पोट धरतो आणि जेवून आडवं व्हावं तसा सावकाश खाली पडतो. रक्त नाही, काही नाही. विहिरीचं पाणी लोकांना मिळतं, परका निघून जातो. पुढच्या रविवारी मिशीवाला पुन्हा उभा, मिशीला पीळ देत.

पण त्या पिक्चरची खरी गंमत गोळीबारात नव्हती, उन्हात होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सूर्य डोक्यावर. माणसांच्या सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. हे इतरांच्या ध्यानातही येत नसे, मालनला मात्र त्याच एका गोष्टीचा आधार होता. कारण तिनं आणि आदगोंडानं मुनीमहाराजांपुढं हात जोडून जोडीनं नियम घेतला होता. दिवस असता जेवायचं. सूर्य बुडाला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. आणि आदगोंडा मगदूम म्हणजे काय आपल्यासारखा नियमाला पळवाटा शोधणारा माणूस नव्हे. एकदा बेदाण्याच्या शेडवर काम उरकेना, तिन्हीसांज झाली, तर तो भरला डबा तसाच घेऊन घरी आला होता आणि उपाशी झोपला होता.

तेव्हा मालन दर रविवारी डबा न्यायची. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगांची चटणी, कोपऱ्यात मूठभर बेदाणे, सोबत पाण्याचा तांब्या. डबा पडद्याच्या पायाशी ठेवायची आणि आपल्या जागेवर येऊन बसायची. शेजारच्या खुर्चीवर तोच रुमाल, धुऊन घडी घातलेला. तिनंच कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं एक पान काढलं होतं. कुणी नवखा तिथं बसायला आला की ती म्हणायची, "जागा धरलीया." पडद्यावर गुत्त्यातली माणसं खिडकीशी पळाली की आदगोंडा शांतपणे डबा उघडायचा. उपरण्याच्या टोकातून पाणी गाळून घ्यायचा, णमोकार मंत्र म्हणायचा आणि बाहेर गोळ्या सुटत असताना भिंतीकडं तोंड करून जेवायचा. दिवे लागले की डबा पडद्याच्या पायाशी, घासूनपुसून. आत एक बेदाणा असायचा, तिच्यासाठी ठेवलेला. तो ती रस्त्यानं घरी येताना चघळायची. लोकांनी काहीही म्हणावं, तिचा संसार चालला होता.

आणि मग एका दुपारी टॉकीजचे मालक बाबालाल मुजावर स्वतः घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"वैनी, जुना पिक्चर संपला," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"रीळ आता मशिनीत टिकंना. हात लावला की पापडागत मोडतंय. आणि नवीन मशीन घेतलंय ते रीळ खातच न्हाई. पर घाबरू नका. तोच पिक्चर त्यांनी परत काढलाय, नवा, रंगीत. गोष्ट तीच हाय."

"आणि माणसं?"

"माणसं दुसरी. पर गुत्ता हाय, विहीर हाय, घोडाबी करडाच हाय."

"कोपऱ्यातलं टेबल?"

बाबालाल यांनी मान खाजवली. "असंल की," ते म्हणाले. "गुत्ता म्हटलं की कोपरा आला, कोपरा म्हटलं की टेबल आलंच."

बाबालाल गेले तशी मालननं दाराला कडी घातली. ती नणंदेकडं, पद्माक्काकडं गेली. पद्माक्का आदगोंडाची थोरली बहीण, तोंडानं फटकळ पण जिवाला जीव देणारी. म्हणाली, "मी येते. बघूया तर खरं काय दिवे लावलेत ते."

टॉकीजात शिरताच दोघी थबकल्या. पडदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाढला होता. दोन्ही दारं त्याच्याखाली गेली होती. मालननं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला, डबा पडद्याच्या पायाशी ठेवला आणि जागेवर येऊन बघितलं तर खुर्चीवर रुमाल नव्हता. तिनं खुर्चीखाली शोधला, मागच्या रांगेत शोधला. तेवढ्यात अंधार झाला.

नवा पिक्चर सुरू झाला तोच मुळी दिवस बुडाल्यावर. आभाळाच्या कडेला तांबडी रेघ, बाकी सगळं कोळशासारखं.

"दिवे लावा म्हणावं की त्यास्नी," पद्माक्का मोठ्यानं म्हणाली. "पैसे घेऊन अंधार दाखवत्यात व्हय?"

गाव तेच होतं, पण रस्ता फार लांब झाला होता. परका माणूस घोड्यावरून येतच राहिला, येतच राहिला, गावाजवळ काही पोचेना. जुन्यात तो गोरा, दाढी केलेला, नुकताच न्हाव्याकडून उठल्यासारखा. नवा चिखलात लोळलेला. जुना मिशीवाला नुसता हसायचा आणि तेवढ्यानं कळायचं की माणूस वाईट आहे. नव्याला त्याच्या बापानं लहानपणी मारलं होतं आणि ते तो सगळ्यांना सांगत बसायचा. गुत्त्यातली बाई जुन्यात नुसती जिन्यात उभी असायची. आता तिच्या हातात बंदूक आणि गुत्ता तिच्याच मालकीचा.

"हे एक बरं केलं," पद्माक्का म्हणाली.

पण मालनचं तिकडं लक्ष नव्हतं. ती कोपरा शोधत होती. अंधारात आधी टेबल दिसलं, मग पांढरी टोपी, मग तो. आदगोंडा होता! तिला हुंदका आला, पद्माक्कानं तिचा हात घट्ट धरला. त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीवर रुमाल होता, कोपऱ्यात हिरवं पान असलेला. एक दाढीवाला गडी खुर्ची ओढायला आला. इतकी वर्षं पडद्यावर एक शब्द न बोललेला आदगोंडा रुमालावर हात ठेवून म्हणाला, "जागा धरलीया. आमची मंडळी येणार हायत."

दाढीवाला निघून गेला.

मग बाहेर गोळीबार झाला. नव्यात गोळी लागली की माणूस बराच वेळ मरत राहायचा. गुत्त्यातली माणसं खिडकीशी पळाली. आदगोंडानं डबा समोर घेतला, उघडला, आणि खिडकीतून आभाळाकडं बघितलं. सूर्य नव्हता. त्यानं झाकण लावलं आणि डबा बाजूला सारला.

शेवट तर त्यांनी पुरताच बदलला होता. विहिरीचं पाणी लोकांना मिळतच नाही. मिशीवाल्याची माणसं गुत्त्याची दारं बाहेरून अडसर घालून बंद करतात आणि आग लावतात. परका दूर टेकडीवरून बघतो, घोडा वळवतो, बस्स. दिवे लागले तेव्हा पडद्याच्या पायाशी भरलेला डबा होता. झाकणावर राख होती.

गावात तरुण पोरं म्हणाली, नवाच भारी, यात सगळं खरं दाखवलंय. पद्माक्का रस्त्यात उभी राहून म्हणाली, "खरं बघायचं तर तिकीट कशाला काढायचं रे? घरी काय कमी हाय?"

पुढच्या रविवारी मालनला जुन्या-नव्यातला खरा फरक कळला. जुन्यात मेलेला माणूस पुढच्या खेळाला उठायचा. नव्यात जळलेलं जळलेलंच राहायचं. दाराजवळची टेबलं गेल्या रविवारी जळाली होती, ती आता कोळसा होऊन पडली होती. त्या टेबलांवरची माणसं नव्हती. उरलेली माणसं त्यांच्या राखेतून वाट काढत आपापल्या जागी बसली, ग्लास भरून घेतले आणि पिक्चर पुढं चालला. प्रत्येक रविवारी आग थोडी आत यायची. कोपऱ्यातलं टेबल दारापासून सगळ्यात लांब होतं, म्हणून ते अजून शाबूत होतं.

डबा भरलेलाच परत येत होता. आदगोंडाचे गाल बसले, गळ्याची हाडं वर आली. टोपी मोठी दिसायला लागली. मालन खुर्चीतून ओरडायची, "अहो, पिक्चरमधला अंधार हाय तो! बाहेर लख्ख दुपार हाय! जेवा!" पुढच्या रांगेतले लोक शुक्‌ शुक्‌ करायचे. तो आवाजाच्या दिशेनं बघायचा, पुन्हा खिडकीकडं बघायचा आणि मान हलवायचा.

आणि बाहेर तरी लख्ख दुपार कुठं राहिली होती? मॅटिनी सुटून ती बाहेर आली तर आभाळाच्या कडेला तांबडी रेघ आणि बाकी अंधार. तिनं रिक्षावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "थंडीचे दिस हायत मावशी, दिवस लहान." त्याच्या पुढच्या रविवारी ती स्वयंपाक करत असतानाच दिवस बुडाला. त्याच्या पुढच्याला तर तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि उलटेपर्यंत खिडकीत काळोख. मग रविवार सोडून इतर वारीही तसंच व्हायला लागलं. शेजारणी दिवे लावून जेवत, हसत, टीव्ही बघत. मालनचं ताट तसंच राहायचं. उपाशीपोटी तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. नियम तिचाही होता ना.

"अक्का, मी त्यास्नी सांगते," ती पद्माक्काला म्हणाली, "नियम सोडा म्हणून. जीव वाचवायला चालतंय."

पद्माक्कानं तिला जवळ बसवलं. मग म्हणाली, "लहानपणी तापात फणफणला होता. रात्री आई औषध घेऊन बसली, दात घट्ट मिटून पडला. सकाळी ऊन अंगणात आल्यावर तोंड उघडलं. न्हाई सोडायचा तो, मालन. जित्याची खोड."

"मग मी त्यास्नी घरला आणते."

"कुठनं?"

"गेले त्याच दारानं."

"ते दार तर पडद्याखाली गेलं."

"पडद्याखाली न्हाई अक्का," मालन म्हणाली. "पडद्यात गेलंय. गुत्त्याचं मागलं दार तेच हाय. हिरवा रंग, वरची कडी वाकडी. मी बघितलंय. तेवढंच एक दार ती माणसं बंद करत न्हाईत."

पद्माक्कानं तिला थांबवलं नाही. तिच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि कोपऱ्यातल्या डब्यातून बेदाणे काढून तिच्या ओटीत टाकले. मग पाठ करून उभी राहिली, कारण तिला रडताना कुणी बघितलेलं चालत नसे.

त्या रविवारी टॉकीजात मालन सोडून कुणी नव्हतं. नव्याचे नऊ दिवस संपले होते. बाबालाल म्हणाले, "वैनी, पुढल्या शुक्रवारी हा उतरवणार. आज शेवटचा खेळ."

"लावा," मालन म्हणाली.

पिक्चर सुरू झाला. गुत्त्यात आता एकच टेबल उरलं होतं. बाकी सगळी राख, आणि राखेत उभी राहून बंदूकवाली बाई ग्लास पुसत होती. इंटरवल झाला. दिवे लागले नाहीत. मालन उठली, डबा आणि पाण्याचा तांब्या घेतला आणि पडद्याच्या कडेला गेली. पडद्यातलं ते हिरवं दार होतं तिथंच होतं. तिनं वाकडी कडी वर उचलली, उंबरठ्यावरून पाय उचलून टाकला आणि आत गेली.

आत धुराचा आणि ओल्या घोड्याचा वास होता. ती टेबलाशी गेली. खुर्चीवरचा रुमाल उचलला, झटकला आणि बसली.

"उशीर केलास," आदगोंडा म्हणाला.

"दार सापडंना," ती म्हणाली. जवळून तो किती वाळला होता! टेबलावर ठेवलेल्या हातांची कातडी कागदासारखी झाली होती. तिनं ते हात धरले. "उठा. घरला जाऊया. हे मागचं दार उघडं हाय बघा."

त्यानं दाराकडं बघितलं. टेबलावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, अर्धा उठला आणि खाली बसला.

"पायात बळ न्हाई, मालन," तो म्हणाला. "जेवल्याबिगर न्हाई उठवत."

"मग जेवा की. भाकरी गरम हाय."

"दिवस हाय का अजून?"

ती त्याच्या खांद्याखाली हात घालून त्याला उचलायला लागली, पण तीही कितीतरी दिवसांची उपाशी होती. दोघंही टेबलाला धडकली आणि पुन्हा खुर्चीत बसली. बाहेर गोळ्या सुटत होत्या. खिडकीशी पळायला आता कुणी राहिलं नव्हतं. बंदूकवाली बाई बाहेर गेली आणि परत आली नाही. पुढच्या दाराला बाहेरून अडसर सरकल्याचा आवाज आला. मालनला पुढचं सगळं पाठ होतं. आता मिशीवाला हसेल, मग बापाची गोष्ट सांगेल, मग काडी ओढेल.

"अहो, नियम सोडा," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. एक घास. तेवढ्यावर दारापतुर चालाल."

"जोडीनं घेतलाय," तो म्हणाला. रागानं नाही, समजावून सांगावं तसं. "मी सोडला तर तुझाबी सुटतो. तू माझ्यापायी कशाला पाप घेतीस? बसूया. उजाडलं की जेवू."

ती बसली. तिला त्याचा राग आला, मग राग गेला आणि नुसती माया उरली. इतकी वर्षं ती अंधारात बसून त्याला लांबून जेवताना बघत होती. शेजारी बसायला आज मिळालं होतं. तिनं ओटीतले बेदाणे काढून टेबलावर ठेवले.

खिडकीची काच हळूहळू तांबडी झाली. मग केशरी. भिंतीवर टोपीची सावली पडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आदगोंडानं मान वर केली. त्याच्या वाळलेल्या तोंडावर उजेड आला आणि तो लहान मुलासारखा हसला.

"मालन," तो म्हणाला, "उजाडलं काय गं?"

तिनं खिडकीकडं बघितलं. मागच्या दाराकडं बघितलं, ते उघडंच होतं. मग त्याच्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "उजाडलं. जेवून घ्या."

त्यानं तांब्यावर रुमाल धरला आणि पाणी गाळून घेतलं. डोळे मिटून णमोकार म्हटला. डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढं ठेवली.

"तूबी जेव," तो म्हणाला. "उपाशी दिसतीस."

खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत टेबलाच्या पायापर्यंत आलं, आणि दोघं जेवायला लागली.